पलटण कुठवर आली?

बुदैया हायवेच्या कडेला रुतबची पहिली खोकी दिसली की हल्ली मी मान दुसरीकडे वळवते. लोक गाड्या थांबवतात, काच खाली करतात, एखादं फळ तोंडात टाकून बघतात, मग भाव करतात. रुतब म्हणजे अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी, नुकता मऊ पडलेला ताजा खजूर. इतकी वर्षं मीही थांबायचे. खरं तर आमच्या घरात त्याचं वेड मलाच. हे गाडी चालवता चालवता म्हणायचे, "अजून एक किलो घे, आणि डॉक्टरलाही घरीच ठेवून घे." मी कुठली ऐकतेय! या वर्षी मात्र खोकी दिसल्यावर ह्यांनी आपणहून वेग कमी केला, तर मी घाईघाईनं म्हणाले, "चला चला, पुढं चला." ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडी पुढे काढली.

बहरीनमध्ये दोनच ऋतू, एक गरम आणि एक जास्त गरम, असं सुट्टीला गावी गेलं की मी सगळ्यांना हसत सांगते. खोटं आहे ते. इथे राहिलं की बारकावे कळायला लागतात. आधी कोरडा वारा येतो, डोळ्यांत धूळ घालणारा. मग तो पडतो आणि समुद्रावरून ओला, चिकट वारा सुटतो. इथले लोक त्याला कौस म्हणतात. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर काही म्हणजे काही दिसत नाही. तोंडावर गार पाणी मारावं म्हणून नळ सोडावा, तर त्यातून चहाला चालेल इतकं कढत पाणी. एसीच्या खालचं भांडं दिवसातून किती वेळा ओतायचं, हीच एक कामगिरी. हा दमटपणा नसेल तर खजूर पिकतच नाही, असं मला आमच्या भिंतीपलीकडच्या बागेतल्या आदमनं सांगितलं होतं. त्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, "मग पिकू दे बाबा, आम्ही शिजतो."

तेव्हा हसू येत होतं. गेल्या वर्षीच्या त्या मोसमात ते हळूहळू गेलं.

मी मुळात भित्री. आता फौजीची मुलगी म्हटल्यावर लोकांना वाटतं, ही काय वाघीण असेल. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सुभेदार म्हणून रिटायर झाले. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव असं की घरटी एक माणूस फौजेत. पण खरं सांगू का, फौजीच्या घरात शूर एकच असतो, आणि तो घरी नसतो. बाकीची सगळी भित्री. फक्त भीती वरवर दिसू द्यायची नाही हे शिकलेली. मी शाळेत होते तेव्हा आप्पांची पलटण लंकेत गेली होती. तिथल्या लोकांचं आपापसातलं युद्ध, त्यात आपली माणसं. गावातल्या बाया एकमेकींना "तुझा नवरा कसा आहे" असं कधी विचारायच्या नाहीत. ते विचारणं अशुभ. त्या विचारायच्या, "पलटण कुठवर आली?" जणू पलटण म्हणजे एखादी बैलगाडी, आणि ती कुठल्या फाट्यावर आहे एवढंच बघायचं. आई ज्वारी पाखडता पाखडता म्हणायची, "पुढं गेली म्हणत्यात." तिचा हात थांबायचा नाही. पण सुपातलं धान्य बाहेर सांडायचं, ते मला दिसायचं.

पत्रात ठिकाण लिहायची बंदी. मग आईला कसं कळायचं? तर पाण्यावरून. आई कधीच विचारायची नाही की तुम्ही कुठे आहात. ती विचारायची, तिकडचं पाणी मानवतं का? आणि आप्पा लिहायचे, पाणी मचूळ आहे, डाळ शिजत नाही. म्हणजे समुद्राकाठी. कधी लिहायचे, विहीर खोल आहे, पाणी गोड आहे. म्हणजे आत सरकली पलटण. असा एका परक्या मुलखातला लढाईचा सगळा प्रवास आईनं स्वयंपाकघरात बसून, पाण्याच्या चवीवरून ओळखला होता. आमच्याकडच्या सगळ्याच बायांना ही विद्या येत होती. तिचा पुढे बहरीनमध्ये उपयोग होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमचं घर म्हणजे एका जुन्या व्हिलाचा खालचा मजला. वरच्या मजल्यावर सिहाम राहते. ती सुदानची, खार्तुमची, इथल्या शाळेत अरबी शिकवते. ती राहायला आली त्या दिवशी मी जिन्याखालच्या कढीपत्त्याला पाणी घालत होते. अंगभर साडीसारखा पिवळा तोब गुंडाळलेली एक उंच बाई जिन्यावरून उतरली आणि मला म्हणाली, "काय गं, जेवलीस का?" माझ्या हातातला तांब्या पडायचाच राहिला. पोरगी चार-पाच वर्षं पुण्यात शिकलेली! कॅम्पात एका मराठी बाईंकडे पेइंग गेस्ट होती. त्या बाईंनी तिला मराठी शिकवलं, पोहे शिकवले आणि दुपारी कुणाच्या घरी जायचं नाही हेही शिकवलं. आमचं बोलणं म्हणजे थोडं मराठी, थोडं हिंदी, थोडं अरबी. ज्याला जो शब्द आधी सापडेल तो. ती मला ताई म्हणते.

सिहामचे आईवडील लवकर गेले. धाकटा भाऊ मुस्तफा, त्याला तिनंच वाढवलं. पुण्याची डिग्री संपवून ती परत गेली तेव्हा तो तिच्या कमरेएवढा होता. मग ती नोकरीसाठी इथे आली, आणि तो मोठा होऊन खार्तुममध्ये पाण्याचा टँकर चालवायला लागला. युद्ध पेटलं. एक दिवस रस्त्यात टँकर अडवला गेला आणि मुस्तफा टँकरसकट एका पलटणीत ओढला गेला. पाणी कुणालाही लागतंच. ती पलटण कुठल्या बाजूची, ते मी मुद्दामच लिहीत नाही. तिचं नावही लिहीत नाही. लिहायची भीती वाटते, आणि सिहामला मी तसा शब्द दिला आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि सिहामला दिवसभर घाबरायला मोकळा वेळ मिळाला. शाळा चालू असते तेव्हा माणूस घंटेवर चालतं. सुट्टीत नुसता फोन हातात. सकाळी ती खाली यायची, माझ्या डायनिंग टेबलाशी बसायची आणि फोन चार्जिंगला लावून त्याच्याकडे बघत राहायची. मुस्तफाचा आवाजी मेसेज यायचा तो कधीही, आणि यायचा तो चिडलेला. कारण ही दर वेळी तेच विचारायची. कुठे आहेस? कुठे आहेस रे? आणि तो म्हणायचा, हे विचारत जाऊ नकोस, फोन काढून घेतील. मग दोन-चार दिवस शांतता.

एकदा ती रडकुंडीला येऊन मला म्हणाली, "ताई, तू फौजवाली आहे ना. तू सांग, काय विचारू?"

माझ्या तोंडून आईच बोलली. "ठिकाण विचारू नको. पाणी कसं आहे ते विचार."

तिला आधी कळेना. समजावून सांगितल्यावर तिनं माझा हात गच्च धरला. पाण्यावर तर मुस्तफाचं पोटच होतं. तो अगदी खुलून उत्तरं द्यायला लागला. नदीचं पाणी आहे, गढूळ आहे, तुरटी लागते. म्हणजे अजून नाईलच्या काठी. मग कालव्याचं पाणी. म्हणजे शेतीच्या मुलखात. मग पावसाचं साठवलेलं तळं, गुरं आणि माणसं एकाच काठावर. तेव्हा सिहाम हळूच म्हणाली, "पश्चिमेकडे चालले." आणि तिनं ओठ मिटून घेतले. पश्चिमेकडे लढाई जास्त वाईट होती हे मलाही टीव्हीवरून माहीत होतं. असं आम्ही दोघी बायका, एक साताऱ्याची आणि एक खार्तुमची, बुदैयाच्या एका स्वयंपाकघरात एसीखाली बसून एका पलटणीच्या मागे मागे चाललो होतो. मी भाजी निवडत असायचे. संध्याकाळी हे मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमधून, दिवसभर हिशेबात मान मोडून घरी आले की सिहाम उठून जायची.

ह्यांना हे सगळं पसंत नव्हतं. तसा माणूस वाईट नाही, पण परदेशात वीस वर्षं काढलेला. "तुझ्या मोबाइलमध्ये त्या लढाईचा एकही व्हिडिओ नको. फॉरवर्ड तर अजिबात नको. कुणी बोट दाखवलं तर सीपीआरचं ओळखपत्र जाईल, व्हिसा जाईल, आणि आपण एअरपोर्टवर."

"अहो, मी काय तोफा पाठवतेय का?"

"तू पाणी विचारतेयस ना, तेवढं पुरे आहे."

मी वरवर भांडले, पण आत चरकले. त्या दिवशीच सगळं डिलीट केलं. डिलीट केल्यावर खरंच जातं का, हेही आमच्या मुलीला फोन करून दोनदा विचारलं.

आणि ते व्हिडिओ! सिहामच्या फोनवर यायचे, ती बघायची आणि मला दाखवायची नाही. पण तिच्या चेहऱ्यावरून मला दिसायचे. एखादी जळणारी बाजारपेठ, धावणारी माणसं, आणि ही प्रत्येक धावणाऱ्याच्या पाठीत आपला भाऊ शोधणार. एका दुपारी तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "त्याचा शर्ट होता." थोड्या वेळानं म्हणाली, "नाही, तसला शर्ट सगळ्यांकडेच असतो."

आता आदमबद्दल सांगायला हवं. भिंतीपलीकडे कुण्या बहरिनी माणसाची खजुराची बाग आहे. मालक कधीतरी येतो. बाग बघतो तो आदम, तोही सुदानीच. पण तो पश्चिमेकडचा, आणि सिहाम राजधानीतली. भेटले की दोघं एकमेकांची खुशाली लांबलचक विचारायचे, तब्येत कशी, घरचे कसे, दुपार कशी, सगळं कसं. पण त्या खुशालीत तुझं गाव कुठलं हे काही तिनं कधी विचारलं नव्हतं. मी एकदा म्हटलं तर म्हणाली, "वेस्टचा आहे गं." जसं पुण्याच्या माणसानं "विदर्भातला आहे" म्हणावं, आणि पुढे विचारू नये.

मोसम भरात आला आणि मुस्तफाचे मेसेज बंद झाले. शेवटचा होता तो विहिरीच्या पाण्याबद्दल. खारट आहे, पण पुष्कळ आहे. त्यानंतर काही नाही. दिवसांमागून दिवस काही नाही. सिहामनं जेवण सोडलं. मी ताट घेऊन वर जायचे आणि तसंच खाली आणायचे. तिला बरं वाटावं म्हणून मी काहीबाही बडबडायचे, आणि बडबडताना मला माझ्याच आईचा आवाज ऐकू यायचा. लंकेतून पत्र यायचं थांबलं होतं तेव्हा तीही अशीच बडबडायची. तेव्हा मी अंथरुणात पाय पोटाशी घेऊन देवाला एकच सांगायचे की आप्पांना काही होऊ देऊ नको. बाकी कुणाला काहीही होवो. एवढ्या स्पष्ट शब्दांत सांगायचे.

मग एके सकाळी जिन्यावरून धडाधडा पावलं. सिहाम दारात, डोक्यावरचा पदर घसरलेला, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "ताई! आला! आवाज आला त्याचा! पलटणीनं गाव घेतलं, मोठं गाव, सगळे नीट आहेत, तो नीट आहे!" आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. मी देवापुढे साखर ठेवली. आणि ही बया पर्स घेऊन निघाली. कुठं, म्हटलं? "मनामाला. पेढे."

पुण्यात तिचा रिझल्ट लागला तेव्हा घरमालकीणबाईंनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते. आनंदाची बातमी आली की पेढे वाटायचे, हे तिच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं. सुदानमध्ये असं काही नसतं. इथेही कुणी करत नाही. पण तिनं मिठाईच्या दुकानातून खोका आणला, आमच्या गल्लीत घरोघरी दिला, समोरच्या फिलिपिनो नर्सला दिला, आणि मग मला घेऊन बागेत आली. आदम खजुराच्या सावलीत बसून रुतब निवडत होता. तिनं खोका पुढे केला. तो उठला, हात पुसले, पेढा घेतला आणि अर्धा तोंडात टाकला. मग हसत विचारलं, "कशाचं गोड?"

सिहामनं सांगितलं. भावाची पलटण सुखरूप पोचली. आणि तिनं गावाचं नाव घेतलं.

आदमचं तोंड हलायचं थांबलं. त्याला तो घास गिळता येईना आणि आमच्यासमोर थुंकताही येईना. तो तसाच उभा राहिला, गाल फुगलेला, हातात उरलेला अर्धा पेढा. मग त्यानं महत्प्रयासानं गिळलं आणि म्हणाला, "माझी आई तिथे आहे."

मला तेवढं अरबी कळतं. सिहामनं खोका छातीशी धरला. आदम मात्र ओरडला नाही, काही नाही. तो अगदी आर्जवानं, एखाद्या मोठ्या साहेबाकडे अर्ज करावा तसा बोलायला लागला. आईचा फोन लागत नाही. विहिरीजवळचं घर आहे. पुढे कुंपण आहे काट्यांचं. म्हातारी टोपल्या विणते, सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या भावाला सांग, एकदा बघून ये म्हणावं. एवढंच.

सिहामनं मुस्तफाला निरोप पाठवला. माझ्यासमोर पाठवला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मुस्तफाचा आवाज मी तोपर्यंत पुष्कळदा ऐकला होता, चिडलेला, हसरा, दमलेला. हा आवाज त्यातला कुठलाच नव्हता. तो म्हणाला, "इथल्या विहिरीचं पाणी पिऊ नका असं सांगितलंय. मी लांबून आणतो." आणि मग, "सिहाम, या गावाचं मला विचारू नकोस."

तिनं तो मेसेज पुन्हा ऐकला नाही. टेबलावर दोन्ही हात पसरून बसली आणि म्हणाली, "ताई, आतापर्यंत मला एवढंच वाटायचं की त्याला कुणी काही करू नये. आता वाटतं, त्यानं कुणाला काही केलेलं नसू दे."

मी उठून चहा टाकला. दूध नासलेलं निघालं.

पुढचे दिवस आठवले की अजून जीव घाबरा होतो. मुस्तफाचं उत्तर सिहामनं आदमला सांगितलंच नाही, आणि आदमही काही विचारायचा नाही. तो फक्त सकाळी ताज्या रुतबचं एक खोकं आमच्या फाटकाशी ठेवून जायचा, वर ओलं फडकं झाकलेलं. कशासाठी? त्या भावानं बघून यावं म्हणून, की काय? सिहाम त्या खोक्याला हातही लावायची नाही. तिनं पुढच्या फाटकानं जाणंच सोडलं. मागच्या बाजूनं, कचऱ्याच्या पेट्यांजवळून ती बाहेर पडायची. खोकं मी उचलून आत आणायचे. आमच्या घरात मी सोडून ते कुणी खात नाही, आणि माझ्याही घशाखाली उतरेना. फ्रिजमध्ये खोक्यांवर खोकी साठली.

याच दिवसांत कापणीनंतरच्या सुक्या झावळ्या बागांमधून जाळतात. धूर येतो, गोडसर, डोळ्यांना झोंबणारा. आप्पा एकदा आमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा असाच धूर आला होता. चहाचा कप अर्धा ठेवून ते उठले आणि खिडक्या लावायला लागले, एकेक करून, सगळ्या घराच्या. मी म्हटलं, "आप्पा, झावळ्या जाळतायत हो." तर म्हणाले, "माहीत आहे." लंकेतही ताडामाडाचीच झाडं. मी पुढे काही विचारलं नाही. ते लंकेतून परत आले तेव्हा आईनं गावभर पेढे वाटले होते आणि मी नवा फ्रॉक घालून ताटली धरली होती. पलटण परत आली म्हणून. तिथे ती कुठकुठे गेली होती, आणि ती जिथे जिथे गेली तिथे राहणाऱ्या बाया त्या वेळी काय करत होत्या, हा विचार माझ्या मनात यायला मला पन्नाशी उलटावी लागली. गेल्या उन्हाळ्यात फ्रिजमधल्या त्या खोक्यांकडे बघताना तो आला. आप्पा आता नाहीत.

मोसमाच्या शेवटी मुस्तफा आला. पाय जखमी झाला म्हणून पलटणीनं त्याला सोडलं, आणि सिहामनं किती खटपटी करून व्हिजिट व्हिसा काढला. मी वाट बघत होते एखाद्या दांडग्या फौजीची. आला तो वाळलेला, लंगडणारा, लाजाळू मुलगा. मला सलाम केला. मी पाणी दिलं. त्यानं पेला आधी नाकाशी नेला, वास घेतला, आणि मग प्यायला. दर वेळी तसंच. सिहाम तोंड फिरवायची.

आठवडाभर तो वरच्या मजल्यावरून उतरला नाही. आम्हाला वाटलं, बरंच आहे. मग शुक्रवारी सकाळी सिहाम पळत खाली आली. पायात चप्पल नाही. "ताई, चल. चल ना! तो गेला. आदमकडे गेला."

आम्ही बागेत शिरलो. माझ्या चष्म्यावर वाफ धरली, आणि तो पुसेपर्यंतचा तो क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. पुसून बघते तर आदम उंच खजुरीवर चढलेला, कमरेला दोराचा पट्टा, हातात कोयती. आणि बरोबर त्याच्या खाली मुस्तफा. आदम घड कापून दोरीनं खाली सोडत होता आणि मुस्तफा तो हातांत झेलून टोपलीत ठेवत होता. मला वाटलं, आदमला माहीत नसेल हा कोण ते. तेवढ्यात वरून आवाज आला.

"तू त्याच पलटणीतला ना?"

"हो."

"विहिरीजवळचं घर बघितलंस?"

"बघितलं."

कोयतीचा आवाज थांबला. सिहामची नखं माझ्या मनगटात रुतली. मी त्या कोयतीकडे बघत होते. हातातून सुटली तर कुठे पडेल, हे कळायला शहाणं असायची गरज नव्हती. मुस्तफालाही कळत होतं. तो बाजूला सरकला नाही.

"ती होती?"

"होती," मुस्तफा म्हणाला. आणि मग, "आता नाही."

मग आदम उतरायला लागला, एकेक पाऊल, पट्टा खाली सरकवत. मी मनात मारुतीचा धावा करत होते, आणि सिहामचे ओठ तिच्या देवासाठी हलत होते. तो खाली आला. कोयती हातातच होती. तो मुस्तफाच्या अगदी समोर उभा राहिला, आणि विचारलं,

"कुणी पुरलं तिला?"

"आम्ही. शेजारच्या दोन बायका होत्या, त्यांनी आंघोळ घातली. पाणी मी दिलं." मुस्तफाचा आवाज फुटत होता. "शाळेच्या मागे बाभूळ आहे, तिच्याखाली. दगड ठेवलाय. मी दाखवू शकेन."

आदमनं मान हलवली. जागा नीट ध्यानात ठेवतोय असं वाटलं. आता पुढचा प्रश्न. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होता तो. कुणी मारलं? सिहामनं डोळे मिटून घेतले. मुस्तफा मात्र हात खाली सोडून, मान वर करून उभा होता. त्याला तो प्रश्न हवा होता, असं मला वाटलं, देवाशप्पथ वाटलं. आदमनं तोंड उघडलं.

"टोपली सावलीत घे," तो म्हणाला. "उन्हानं फळ आंबेल."

आणि तो दुसऱ्या झाडाकडे गेला.

या गोष्टीला आता वर्ष झालं. मुस्तफाचे कागद झाले, मीना सलमानच्या एका गोदामात त्याला काम लागलं, ह्यांनीच लावून दिलं. पाय बरा आहे. दर शुक्रवारी सकाळी तो बागेत जातो, आदम चढतो, हा खाली उभा राहतो. तेवढा वेळ सिहाम माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसते. आम्ही दोघी काहीतरी चिरत, सोलत बसतो, आणि भिंतीपलीकडून झावळ्या नाहीतर घड कापल्याचा आवाज आला की एकमेकींकडे बघतो. आवाज येतोय तोवर ठीक. थांबला की दोघींचे हात थांबतात. मग पावलं वाजतात, तो दारात येतो, आणि सिहाम विचारते, "काही विचारलं त्यानं?" तो मान हलवतो. नाही. मग ती श्वास सोडते आणि त्याला खायला देते. वर्षभर हे असंच चाललंय.

परवाच्या शुक्रवारी तो आला, मोसमातलं पहिलं खोकं टेबलावर ठेवलं, पाण्याचा पेला उचलला. सिहामनं नेहमीसारखं विचारलं. त्यानं मान हलवली नाही.

"तो कधीच विचारणार नाही," मुस्तफा म्हणाला. "आता मीच सांगून येतो."

तो वळला. पण त्याच्या आधी सिहाम दारापाशी पोचली होती. तिनं दार लावलं, वरची कडी घातली, खालची घातली, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.